एकशे आठ मण्यांचा श्वास

१ जुलै, पहाटे ५
बी.ए. झाले. घरातली पहिली. निमलष्करी दलाची ही वयात बसणारी शेवटची भरती. सहा आठवड्यांनी नांदेडला ट्रायल. सोळाशे मीटर, साडेआठ मिनिटांत. मागच्या खेपेला दहा लागली. पाय चांगले आहेत, दम कमी पडतो. एका लेखात वाचलं, जवानांकडून श्वास रोखायचा सराव करून घेतात, स्टॅमिना वाढतो. म्हणजे मूळ श्वासातच आहे.

२ जुलै
श्वास रोखला. मोबाइलने २२ सेकंद दाखवले. मोबाइल जुना आहे, हँग होतो.

४ जुलै
नवी पद्धत. इष्टलिंगाची पूजा झाल्यावर अव्वा, माझी आजी, रुद्राक्षाची माळ ओढते. तिने मोठ्याने जप करायचा, मी समोर बसून श्वास धरायचा. आज १४ मणी.

९ जुलै
पळायला निघाले होते. काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते. परत येऊन श्वासच धरला. ३१!
शेजारची तनुजाही याच भरतीला आहे, रोज साखर कारखान्याच्या डांबरी रस्त्याने पळते. म्हणाली, "बसून कुटं दम वाढतो व्हय गं?" तिला शास्त्र माहीत नाही.

१७ जुलै
५८. हल्ली अव्वाचा जप भराभर चालतो. तिलाही हुरूप आलाय. सारखी माझ्या तोंडाकडे बघते.

२४ जुलै
आप्पांनी भिंतीत खुंटी ठोकली. माझ्या वर्दीसाठी. लगेच बूट घातले. डांबरी रस्त्यावर पळून बघितलं, अर्ध्यातच बरगडीत कळ निघाली. चढ होता. तनुजा म्हणते, तिथं चढ न्हाईच.

२ ऑगस्ट
१०८! अख्खी माळ! अव्वा रडली. आता पळायची गरज नाही, दम साठवून ठेवते.

१२ ऑगस्ट, नांदेड
चार फेऱ्या. पहिलीत मी पुढे. दुसरीत तनुजा पुढे. तिसरीत सगळ्याच पुढे. चौथीत मैदानावर मी एकटी. दहा मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंद. तनुजा पास. बसमध्ये तिने मला खिडकीची जागा दिली.

१३ ऑगस्ट, किल्लारी
अव्वाला विचारलं, एकशे आठ मणी खरंच झाले होते का?
माळ पदराखाली घेत म्हणाली, "तुजं तोंड निळं पडायचं, माय. भ्या वाटायचं. मी धा-धा मणी एकदम ओढीत व्हते."
आप्पांनी खुंटीला छत्री अडकवली.
मोबाइल घेतला. श्वास रोखला.
२२ सेकंद.
मोबाइल चांगला आहे.