बिनशिट्टीची बाग

ठकीच्या आईस,

खूप खूप आठवण.

मी बरा आहे. खोकला गेलाय, जेवणही वेळेवर होतं. तुझी कंबर काय म्हणते? ठकी शाळेत रमतेय का, की पुन्हा घरी पाठवली?

सध्या इथल्या नगरपालिकेच्या बागेचं कुंपण रंगवतोय. मंगळवारी सकाळी ही बाग आपल्या ठकीसारख्या, आवाज न सोसणाऱ्या मुलांसाठी शांत ठेवतात. कारंजं बंद, भोंगा बंद. वेळ संपली की रखवालदार शिट्टी न वाजवता हिरवं फडकं हलवतो. गेल्या मंगळवारी एक मुलगी झोपाळ्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती, पण कुणी मान वळवून पाहिलं नाही. माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू! हातातला ब्रश वाळून गेला.

या मंगळवारी मात्र रखवालदाराने सवयीने शिट्टी फुंकली. तीच मुलगी कान दाबून किंचाळली. मला वाटलं, आता तिचा बाप आपल्यासारखे हात जोडणार, "माफ करा हो, ती अशीच आहे" म्हणणार. कसलं काय! तो रखवालदारावरच खेकसला, "शिट्टी वाजलीच कशी? मंगळवार आहे आज!" आणि माफी रखवालदाराने मागितली.

बाग राहू दे, मी जळलो ते त्या बापाच्या आवाजावर. अजून जळतोय.

आपल्या नगरसेविकाबाई मतं मागायला येतील, तेव्हा ठकीला आतल्या खोलीत बसवू नकोस. किंचाळली तर किंचाळू दे. बाईंकडे अशी एक सकाळ माग. आणि या खेपेला माफी मागू नकोस.

तुझाच,
ठकीचा बाबा