टेकडीवरचे उभे दगड

४ जानेवारी

चि. पंडितीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर फार बिघडलंय. पदव्यांचा परिणाम असावा. वहिनीने दोन ओळी वाचल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला.

दगडांची काळजी करू नकोस. आपल्या प्रत्येक मेलेल्या माणसामागे तिथे एक दगड उभा आहे, हे टेकडी कुणाची ते ठरवणाऱ्या आयोगाच्या साहेबांना दाखवायला मी बसलोय की इथे. तू उगाच धावत येऊ नकोस. वरची वाट खाणवाल्यांनी खोदून ठेवलीय. पाय मोडून बसलीस तर कविता कोण लिहिणार? तू तिकडे विद्यापीठात आपल्या लोकांचा इतिहास लिही, इथलं मी बघतो.

आणि हो, माझ्या ट्रकला कायमचं काम लागलंय. सविस्तर भेटीत. वहिनी तुझी आठवण काढते. आहे तो लोभ वाढवत जा.

तुझा,
दादा

१९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अक्षराला नावं ठेवलीस म्हणून हे टाइप करून पाठवतेय. आता कुरकुर नको.

काल सुनावणीत खाणवाल्यांच्या वकिलाने माझी फार टर उडवली. आपले लोक इथले नाहीतच, आजोबांच्या काळात मजुरीला आले, असं त्यांचं म्हणणं. मी आपली जुनी गाणी वाचली, माझा प्रबंध पुढे ठेवला, तर म्हणाला, बाईंच्या कवितांना पुरावा म्हणत नाहीत. सगळे हसले. माझे कान तापले.

म्हणून साक्षीदार म्हणून तुझं नाव दिलंय. तुझ्याकडे ना पदवी, ना कविता. तुझ्यावर विश्वास ठेवतील. फार बोलायचं नाही. आईचा दगड आपण दोघांनी उभा केला, तू पहार धरलीस, मी माती दाबली. शेजारी आजीचा, मागे तिच्या आईचा. एवढंच सांग. दगड जागेवर आहेत तोवर टेकडी आपली आहे. जागेवरून हलला की तो नुसता दगड, मग कुणीही काहीही म्हणावं.

ट्रकला काम कुणाचं, ते लिहिलं नाहीस? तू तिथे आहेस म्हणून मला झोप लागते. असाच लोभ असू दे.

तुझी,
धाकटी

११ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. तुमचे वकील कळवतीलच, पण घरच्या माणसाकडून कळलेलं बरं. तुम्ही तापाने पडलेल्या, म्हणून काल टेकडीच्या पाहणीला येऊ शकला नाहीत. ते एक बरंच झालं.

साहेब टेकडीवर गेले. तिथे एकही दगड नव्हता. ट्रकला काम लागलंय ते खाणवाल्यांचंच. गेले काही दिवस खेपा चालल्या होत्या, मला वाटलं खाणीचा माल असेल. सगळे दगड क्रशरला गेले, वन्सं. त्यांची खडी झाली.

मग कचेरीत साक्ष झाली. ह्यांनी शपथेवर सांगितलं की तिथे दगड कधी नव्हतेच. म्हणाले, आमची बहीण कवयित्री आहे, तिला लहानपणापासून नसलेलं दिसतं. साहेब हसले, हेही हसले. मी मागच्या बाकावर होते. मान वर करवेना.

आणखी एक. मागच्या अंगणात पोत्याखाली ह्यांनी एक दगड आणून ठेवलाय. मी त्यावर कपडे धुवायला गेले तर अंगावर धावून आले. तो सासूबाईंचा आहे, हे मला कुणी सांगायला नको.

तब्येतीला जपा. माझ्यावर राग धरू नका, एवढंच मागणं.

तुमची,
वहिनी

१५ फेब्रुवारी

दादा,

मायना काय लिहू, सुचत नाही.

कुंपणानेच शेत खाल्लं, असं आपण दुसऱ्यांबद्दल म्हणायचो. वकिलाचं हसणं मी गिळलं. तुझं गिळता येत नाही. आणि आपली आई तेवढी पोत्याखाली झाकलीस? बाकीच्यांच्या आया क्रशरमध्ये घातल्यास? शेजारची मावशी रोज चढून तिच्या आईजवळ बसायची. ती आता कुठे बसते, विचारलंस का तिला?

वकिलांनी फेरपाहणी मागितलीय. तो दगड ट्रकमध्ये घाल, आईच्या खड्ड्यात परत उभा कर आणि खरं काय ते सांग. एकट्या दगडाला कुणी विचारणार नाही, पण शेजारी तू असलास तर विचारावं लागेल. माती दाबायला मी येईन. शिक्षा झालीच तर तुझ्यामागे मी उभी राहीन. भाऊ म्हणून तुझ्याकडे हे शेवटचं मागतेय.

वहिनीला एक शब्द बोललास तर माझ्याशी गाठ आहे.

धाकटी

२६ फेब्रुवारी

चि. पंडितीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

ताप उतरला ना? जागरणं कमी कर.

तू फार मनाला लावून घेतेस. इतिहासाने चूल पेटत नाही, बाई. मी नाही तर दुसऱ्या कुणी ते दगड नेलेच असते. तुझं बरं आहे, तू टेकडी पुस्तकात घालून शहरात गेलीस. मला इथे राहायचंय.

अंगणातल्या दगडाचं म्हणशील, तर तुझं पत्र आलं त्याच दिवशीच्या खेपेत तो घातला. उगाच पुढे डोक्याला ताप नको. आई मनात असते, दगडात काय आहे? त्या जागी सिमेंटची फरशी घालतोय, कपड्यांची सोय होईल. वहिनी माहेरी गेलीय. राग उतरला की येईल.

दादावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

३ मार्च

दादा,

पत्र पोचलं. पुढच्या सुनावणीत मी शपथेवर सांगणार आहे, की टेकडीवर दगड होते आणि ते माझ्या सख्ख्या भावाने क्रशरला घातले. माझ्यामागून मावशी बोलेल, मग वहिनी. तू समोर असशील आणि मी तुझ्याकडे बघूनच बोलेन. हसावंसं वाटलं तर हस.

लोभ होता. म्हणून तर आई तुझ्यावर सोपवली होती.