आईच्या गाण्यांची डिस्क

६ मे

परत तेच! पाणी आलं म्हणून घरी होते, आईची गाणी दुसरीकडं उतरवायला घेतली आणि नवव्या गाण्यावर मशीन गप्प. पडद्यावर ओळीमागून ओळ – टाइमआउट, टाइमआउट, डिस्क उत्तर देत नाही. मग डिस्कच गायब. बंद करून चालू केलं की हजर, जसं काही झालंच नाही.

कॉलेजातल्या दोन लॅब मी सांभाळते, आणि घरातलं हे एक डबडं – विंडोजऐवजी फ्रीबीएसडी सिस्टिमवर चालणारं – माझं ऐकत नाही.

आकाशला पुण्याला फोन केला. धाकटा भाऊ, पण बोलतो साहेबासारखा. "ताई, दुसरी कॉपी नाय का?" आहे ना! दोन डिस्क, दोन्हींवर तेच. पण दोन्ही एकाच कंट्रोलर कार्डातून मशीनला जोडलेल्या, आणि दोन्ही एकदमच बोंबलतात. हे त्याला सांगितलं नाही.

जानेवारीत लकव्याचा झटका आला तेव्हापासून आई बोलत नाही. नुसतं "हं" म्हणते, नाहीतर रडते. भीमजयंतीला आमची आई, पारूबाई, गायला उभी राहिली की आमच्या गल्लीत माईक लागायचा नाही. आता तो आवाज या डबड्यातच आहे. गेला तर संपलं.

७ मे

डिस्क तपासल्या. दोन्ही ठणठणीत, एकही जागा खराब नाही. म्हणजे दुखणं कार्डाचं. कुण्या शहाण्यानं इंटरनेटवर लिहिलंय, या कार्डाच्या चिपचं आणि फ्रीबीएसडीचं पटत नाही. मग इतके दिवस कसं पटत होतं?

१४ मे

नळाला पाणी आलं. अर्धी रजा टाकली. मोटर लावली, टाकी भरायला सोडली आणि मशीन उघडून बसले.

पैठण गेटच्या दुकानातला सुदर्शन दुसरं कार्ड घेऊन आला. हे कार्ड भलतंच आगाऊ – डिस्क आपल्याच ताब्यात घेऊ बघतं. चालू झाल्या झाल्या विचारतं, या डिस्क नव्यानं तयार करू का? सुदर्शन म्हणतो, "हो दाबा ना मॅडम, कुछ नहीं होता." आणि दाबायलाच निघाला! तयार करणं म्हणजे सगळं पुसणं. मी त्याचा हात धरला आणि अशी ओरडले की आई दचकून रडायला लागली. तो कार्ड काढून, तोंड वाकडं करून गेला.

जुनं कार्ड परत बसवलं. केबलीही बदलल्या. अकराव्या गाण्याला टाइमआउट. डोकं फिरलंय नुसतं.

१६ मे

मशीनकडं बघितलंसुद्धा नाही. मरू दे.

२२ मे

पाणी आलं म्हणून कॉलेजात रजेचा फोन केला. एचओडी का-कशाला विचारत नाहीत, त्यांच्या घरीही तीच तऱ्हा. मोटर लावली, बसले. तिसऱ्याच गाण्याला टाइमआउट. मग मात्र रडू आलं.

भिंतीपलीकडून शेजारच्या मंजुषाताई – "सुलेखा, तुमचा पंखा बी मंद झाला का गं? मोटरी लागल्या की आमचा टीव्हीच बंद पडतो."

वर बघितलं. पंख्याची पाती मोजता येत होती.

अगं बाई! पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. पाणी येतं त्याच दिवशी मी घरी. घरी असते त्याच दिवशी कॉपी लावून बसते. बाजूला मोटर घुरघुरत असते, लाईट दबते, मशीनला वीज पुरत नाही आणि डिस्क मान टाकतात. आणि मी बसलेय चिपला शिव्या देत!

उठून मोटर बंद केली. मशीन परत चालू केलं, कॉपी लावली. पाचवं गाणं गेलं, बारावं गेलं. मंजुषाताई ओरडतायत, "अगं पाणी जाईल, मोटर लाव!" जाऊ दे म्हटलं. त्यांना वाटलं असेल, हिला उन्हाचं झालंय काहीतरी.

टाकी पावच भरली. आता आठवडाभर मंजुषाताईंपुढं बादली घेऊन जायचं.

२३ मे

सगळी गाणी उतरली. एक सोडून. त्या पडझडीत एकच फाइल तुटली, दोन्ही डिस्कांवर. अर्धीच वाचता येते.

आणि कुठली? मी बारावी झाले तेव्हा आईनं स्वतः रचलेलं गाणं! दोन कडवी येतात, पुढं काही नाही. तिसऱ्यात माझं नाव होतं. शब्द मला पाठ नाहीत, आकाशलाही नाहीत. "ताई, बाकीची वाचली ना," म्हणतो. फोन ठेवून दिला त्याचा.

२४ मे

आईला तेच लावलं, अर्धं तर अर्धं. दुसऱ्या कडव्यानंतर तुटलं. बंद करायला हात पुढं केला, तर आईनं पुढचं धरलं. शब्द अडखळत, अर्धे गिळत, पण चाल पक्की. तिसरं कडवं अख्खं. त्यातलं माझं नावही म्हणाली – "सुलेखा". दोनदा.