शपथपत्रावरचा ठणठणीत माणूस

४ फेब्रुवारी
लागली एकदाची नोकरी! वकीलसाहेबांच्या ऑफिसात खिडकीजवळचं टेबल, फिरती खुर्ची आणि समोर तक्रारदारांच्या अर्जांचा ढीग. आमचे अशील म्हणजे औषध कंपनी. तक्रारदारांचं म्हणणं, कंपनीच्या डोकं ठिकाणावर आणणाऱ्या गोळीनं त्यांना भलतीच हाव सुटली. कुणाला जुगाराची, कुणाला खरेदीची, कुणाला खाण्याची. आणि कंपनीनं हे लपवलं. काय पण थापा! एका मास्तरीणबाईंनी म्हणे कच्चं पीठ फस्त केलं. स्वतःच्या जिभेला लगाम नाही आणि खापर गोळीवर. अहो, मीही तीच गोळी घेतो. भिंतींशी बोलायला लागलो होतो, तेव्हा ताईनं दवाखान्यात नेलं. आता बघा, ठणठणीत.

७ फेब्रुवारी
साहेबांना गोळीचं सांगितलं तर उडालेच. म्हणाले, अरे, तू तर आपला हुकमाचा एक्का! लगेच शपथपत्र टाइप झालं: गोळी घेतो, मनावर पूर्ण ताबा आहे, कसलीही हाव नाही. मी झोकात सही ठोकली. ताईलाही आनंद झाला. तिचा मधुमेह फार लहरी. साखर अचानक उतरते, हातपाय कापतात, आणि वेळेत ग्लुकोज मिळालं नाही तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून ग्लुकोजचा डबा तिच्या उशाशी असतो. तो भरलेला ठेवणं माझं काम.

१५ फेब्रुवारी
हावरटांचे अर्ज वाचून किळस आली. सगळ्यांचं रडगाणं एकच, कळत होतं पण वळत नव्हतं. नेभळट लेकाचे! मी प्रत्येक अर्जावर लाल पेननं 'बहाणा' लिहून टाकतो. दुपारी शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं जेवणही मीच संपवलं. केवढ्या बोंबलल्या! माणसानं एवढं चिकट असू नये.

२१ फेब्रुवारी
कंपनीच्या कागदांत एक पत्र सापडलं. त्यांच्याच डॉक्टरांनी लिहिलंय: रुग्णांना हाव सुटते, माहितीपत्रकात छापा. खाली वरिष्ठांचा शेरा: नको, खप बसेल. साहेब म्हणाले, कपाटात टाक, कुलूप लाव. लावलं.
घरी येऊन पीठ खाल्लं. कोरडंच. सगळं. ताईला सांगितलं, किडे झाले होते, फेकलं.

२६ फेब्रुवारी
ग्लुकोज खाल्लं. चमचाभरच. मग – संपलंच. नवा डबा आणला. तोही.
डॉक्टरांना सांगावं तर शपथपत्राचं काय? साहेब हाकलतील. आणि मी काय त्या भिकारड्यांतला आहे? मनात आणलं की थांबेन. उद्या.

२८ फेब्रुवारी
डब्यात खडूची पूड भरली. दिसते तशीच. ताई म्हणाली, तू आहेस म्हणून मी निर्धास्त. मूर्ख बाई –

१ मार्च, दुपार
ताईचे हात कापायला लागले. तिनं चमचा तोंडात घातला, थुंकली, माझ्याकडे बघत राहिली. धावत जाऊन ग्लुकोज आणलं. तिच्या पलंगाशी बसलोय. उजव्या हातानं लिहितोय, तेवढा तरी गुंतलेला राहील. डावा –

पाजतो. आत्ता पाजतो. आधी एक मला –

फोन करायला हवा. अर्धा उरलाय –

तिचे डोळे मिटलेत. चमचा तिच्या ओठांपर्यंत नेला होता, शपथेवर सांगतो, नेला होता, पण तो परत माझ्याच