भट्टीचं कपाळ

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी! बारामतीच्या आमच्या शेडमध्ये पान्यापासून भट्टीपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा. निरवांगीहून आई आली होती, पहिल्यांदाच. लेक कसला स्फटिक पिकवते ते बघायला. तिला सांगितलं — खालून वायू सोडायचे, वर सिलिकॉन कार्बाइडची चकती उलटी टांगायची, तिच्यावर थरावर थर चढतो. "म्हंजी उसाचं बेणंच की," म्हणाली. बरोबर आहे. आणि हे बेणं एकच उरलंय. ते गेलं तर शेडला कुलूप, असं आमचे मालक मोहनराव स्पष्टच बोललेत.

पूजेच्या वेळी तिनं विचारलं, भट्टीचं कपाळ कुठं? मी हसून म्हटलं, ती वरची गोल काच समज. सकाळीच लख्ख पुसली होती मी. तेवढ्यात मोहनरावांनी हाक मारली नि मी पळाले. दुपारी काचेकडे पुन्हा न बघताच तिच्यावर पायरोमीटर, म्हणजे आतल्या उजेडावरून तापमान मोजणारं यंत्र, बसवून भट्टी चालू केली.

२ ऑक्टोबर

तापमान हवं तिथंच — बावीसशे अंश. पण वीज फार खातेय. का?

३ ऑक्टोबर

आणखीच खातेय. आत बघता येत नाही, हात घालता येत नाही. पायरोमीटर काचेतून डोकावून सांगेल तेच खरं; त्याच्या आकड्यावरूनच भट्टी आपोआप वीज कमी-जास्त ओढते. तो काढला तर भट्टी आंधळी. बंद करू का विचारलं, तर मोहनराव म्हणाले, आकडा बरोबर आहे ना, मग चालू दे. दिवसभर आकड्यासमोर बसून राहिले. रडू येत होतं, आणि कुणाला सांगावं असं कारणही नव्हतं.

५ ऑक्टोबर

भट्टी निवतेय. आईचा फोन. साऱ्या आळीला सांगून झालंय तिचं! "माझ्या हातचं कुंकू लागलंय. वाया न्हाय जायाचं." बरं वाटलं. खरंच वाटलं.

६ ऑक्टोबर

उघडली. काहीच नाही! थर चढणं राहिलं बाजूला, बेणंसुद्धा वाफ होऊन गेलंय. आकडा तर बावीसशेच होता — मग एवढी तापली कशी? मोहनराव ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसत्या किल्ल्या मागितल्या.

७ ऑक्टोबर

आवराआवर. पायरोमीटर काढला, काच कापसानं पुसली. कापूस लाल झाला.

कुंकवाआडून पायरोमीटरला आग मंद दिसत होती. म्हणून भट्टी तापतच राहिली.

आईला सांगितलं, मीटर बिघडलं होतं. ती म्हणाली, "आवंदा येकच बोट वडलं व्हतं गं. पुढल्या नवमीला मळवटच भरीन बघ."

भर म्हटलं.