माकडिणीच्या गालातलं केळं

सर, आज सकाळी पुन्हा एका माकडिणीनं मला फसवू पाहिलं. कुहीच्या रस्त्यावर विजेच्या तारेला चिकटलेली, लाल तोंडाची. काल तिचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. सकाळी आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यातला नवा डॉक्टर खुशीत सांगत आला, "मॅडम, अख्खं केळं खाल्लं तिनं! काहून टेन्शन घेऊन राहिल्या? दुखण्याचं इंजेक्शन आता बंद करू." मी त्याच्या हातून तिचा केसपेपर काढून घेतला. तिनं केळं तोंडात घातलं, एवढंच त्यानं पाहिलं होतं. गिळलं, हे कोणी पाहिलं?

हा संशयी स्वभाव तुमचीच देणगी. माझं पहिलं ऑपरेशन होतं. भुलीचं इंजेक्शन दिलं, माकड निपचित पडलं आणि मी लगेच सुरी उचलली. तुम्ही माझं मनगट धरलंत. माकड खाणं साठवतं त्या गालातल्या पिशवीत बोट घालून ओले फुटाणे काढलेत आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलेत. "हे श्वासनळीत गेले असते तर? अन् हललं नाही म्हणजे दुखत नाही, हे कोणं सांगितलं तुले? अंग थांबलं म्हणून दुखणं बी थांबलं, असं नसते वं." सगळ्या वर्गासमोर! मला तुमचा भयंकर राग आला होता. मग चहा पिताना म्हणालात, माणसांदेखत माकड आपलं दुखणं दाखवत नाही, म्हणून त्याला नेहमी आडून पाहायचं.

तर आज मी पिंजऱ्यावर पडदा सोडला आणि फटीला डोळा लावला. आम्ही दिसेनासे होताच ती कोपऱ्यात वाकून बसली, डोकं गुडघ्यांत. एक गाल टम्म फुगलेला. केळं तसंच्या तसं. मी इंजेक्शन चालूच ठेवलं. दुपारी पुन्हा पाहते, तर बाईसाहेब गालातलं केळं पुढे घेऊन सावकाश चावत आहेत. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

तुमचं हाडांचं दुखणं विकोपाला गेलं, तेव्हा हुडकेश्वरच्या घरी तुम्हाला भेटायला आले होते. तुम्ही पोह्यांची बशी हातात घेतलीत, माझ्यादेखत दोन घास खाल्लेत. "मस्त चालून राहिलं वं माझं." मी नमस्कार करून निघाले आणि फाटकापासून परत वळून खिडकीशी आले. तुम्ही पलंगाची कड धरून वाकला होतात. नजरानजर झाली. "काय पाहून राहिली? माकड आहे का मी?" दोघंही हसलो. त्याच दिवशी मी काकूंना सांगून तुमच्या डॉक्टरांकडून औषध वाढवून घेतलं.

पुढच्या खेपेला त्या खिडकीला जाड पडदा होता. ऊन येतं म्हणून लावला, असं तुम्ही म्हणालात, आणि औषध आता छान लागू पडलंय, असंही. मी मान हलवली. सर, ती खिडकी उत्तरेची होती.

तुम्ही गेलात, हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. त्या पडद्यावर माझा आजही विश्वास नाही.