वलांडीपर्यंतच चालणारं अ‍ॅप

१४ डिसेंबर, रविवार

झालं! लग्नाचं अ‍ॅप सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. पत्रिका छापणार नाही म्हटल्यावर आई आठवडाभर तोंड फुगवून होती, आता तीच शेजारणींना दाखवत फिरतेय. कोड एकदाच लिहिला, चालतो अँड्रॉइडवरही आणि आयफोनवरही. तारीख, चर्चचा नकाशा, जेवणाची वेळ – सगळं अ‍ॅपमध्येच. गाण्यांचं वेबपेज मात्र आधीच बनवलेलं होतं, ते परत कोण लिहिणार? अ‍ॅपला एक खिडकी पाडली आणि ते पान त्यात बसवलं. ऑफिसचं काम म्हणजे रोज हेच. हातचा मळ!

गाणी आजीची. आईच्या आईची. लग्नात गायला तिला पार अर्नाळ्याहून बोलावणं यायचं. जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतली. एका गाण्यात ती मधेच ओरडते, "क्लारे, घागर नीट धर गो! रोझी, तू हसू नको!" रोझी म्हणजे आई. तिने ते ऐकलं आणि उठून मासे साफ करायला गेली. ते आधीच साफ केलेले होते.

१६ डिसेंबर

माणिकपूरहून क्लेटनचा फोन. "गाण्यांचं पान पांढरं येतंय." माझ्याकडे तर मस्त वाजतंय! "रविवारी तुमच्या घरी माझ्याकडे पण वाजलं होतं," म्हणे. म्हटलं, होणाऱ्या नवऱ्याने आधी स्वतःचं नेट बघावं.

बोटीवरून ब्रायनचा मेसेज – "जेनी, पांढरं पान! आजी कुठाय?" भावाला लग्नाला सुट्टी नाही, निदान गाणी तरी ऐकू देत बिचाऱ्याला.

१७ डिसेंबर

सापडलं. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतंय! टेस्टिंगसाठी ते पान माझ्या लॅपटॉपवरच ठेवलं होतं आणि अ‍ॅपच्या खिडकीला पत्ताही लॅपटॉपचाच दिला होता. तसंच पाठवून दिलं! म्हणजे ज्याचा फोन आमच्या घरच्या वायफायवर, त्यालाच गाणी. बाकी जगाला पांढरं पान. पोटापाण्यासाठी हेच करते मी, कोणाला सांगू?

क्लेटन हसून हसून बेजार. "दोन्ही फोनवर चालतं म्हणालीस. फक्त पाचूबंदरच्या एकाच गल्लीत चालतं हे नाही सांगितलंस!"

पान सर्व्हरवर टाकायचं, पत्ता बदलायचा, अ‍ॅप पुन्हा पाठवायचं. तासाभराचं काम. उद्या.

१८ डिसेंबर

नाही केलं.

संध्याकाळी खिडकीतून पाहिलं. बोंबील वाळत घातलेत त्या बांबूंच्या वलांडीपाशी कोणीतरी पाठमोरं उभं, फोन कानाला लावून. क्लारा मावशी! आमच्या दाराजवळ! ब्रायनच्या लग्नानंतर ती या गल्लीतून जातसुद्धा नाही, मागून वळसा घालून बाजारात जाते.

तिच्या एलिसाला लगेच मेसेज केला. मुलींमध्ये भांडण नाही, ती येते-जाते आमच्याकडे. ती म्हणाली, "मम्मीला गाणं ऐकायचं होतं. घरी पांढरं पान. तुमच्या वायफायचा पासवर्ड टाकून दिला, म्हटलं वलांडीपर्यंत जा, तिथे रेंज येते." हुशार पोरगी!

भांडण काय, तर घागर. लग्नाच्या आदल्या दिवशी आंघोळीसाठी उंबराचं पाणी आणायला जातात, वाजतगाजत, विहिरीवर. आमच्या घरात घागर मावशीच्याच डोक्यावर. ब्रायनच्या वेळी मावशीला वसईच्या बाजारातून यायला उशीर झाला, बँडवाले घाई करत होते, आईने घागर आत्याला दिली. मावशी नवं लुगडं नेसून आली तेव्हा वरात परत फिरली होती. "घागर गेली ना? मग मी पन जाते," म्हणाली आणि गेली. ती गेलीच!

आता माझ्या घागरीचं काय? आईला विचारलं की म्हणते, "घेईल कोनपन." पण आईला एकच बहीण आहे. मला एकच मावशी आहे. मला तीच पाहिजे!

२० डिसेंबर

मावशी रोज येतेय. आई आतून बघते आणि मला ऐकू जाईल असं बोलते, "बोंबलांवर राखन ठेवलीय वाटतं कोनी!"

आज वलांडीपाशी एक खुर्ची दिसली. आमचीच.

"आई, खुर्ची बाहेर कशी?"

"धुतली. वाळतेय."

२५ डिसेंबर

नाताळ! मिसाला दोघी चर्चच्या दोन टोकांना. नंतर घरी आईने करंज्यांची बशी झाकून त्या खुर्चीवर ठेवली. म्हटलं, मांजरं खातील. "खाऊ देत!" संध्याकाळी बशी रिकामी. आणि घासलेली! गुणी मांजरं आहेत आमच्या गल्लीतली.

३० डिसेंबर

क्लेटन म्हणतो, दुरुस्त कर आता, माझे काका-काकू रोज विचारतात. लॅपटॉप मी बंदच करत नाही. काल लाइट गेली तर माझाच जीव खालीवर – मावशी येऊन परत गेली तर?

३ जानेवारी

ब्रायनचा फोन आला. लाइन तुटत होती. "माझ्याच लग्नात झालं ना ते सगळं. आणि तुझ्या लग्नात तर मीच नाही. आजीचं एक गाणं तरी लाव गं." रडूच आलं मला. त्याला आजी हवी, मला मावशी हवी, आणि मधे माझा तो दीडशहाणा पत्ता!

४ जानेवारी

केलं दुरुस्त. पान सर्व्हरवर, नवीन अ‍ॅप सगळ्यांना. ब्रायनने लगेच ऐकलं, नुसते बदाम पाठवत सुटलाय. एलिसाने मावशीच्या फोनवरही टाकून दिलं. आता तिला घरबसल्या ऐकता येईल.

५ जानेवारी

खुर्ची रिकामी.

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. भडकलीच! "कोनी सांगितलं होतं बरोबर करायला? चांगलं बिघडलेलं होतं!"

७ जानेवारी

आजही नाही. शनिवारी पाणी आणायचं, रविवारी लग्न. आईने माळ्यावरून घागर काढली, चिंचेने घासली. आज खुर्ची आत घ्यायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

८ जानेवारी, गुरुवार

मावशी आली! खुर्ची ओलांडून थेट दारात. फोन घरीच ठेवून.

"परवा पानी आनायला कितीला निघायचं?"

आई म्हणाली, "तू येशील तवा."